बाहीच्या आत दुसरी बाही

४ मार्च, सोमवार

आज माझ्या तोंडातून एक गोष्ट निसटली आणि आता ती करून दाखवणं भाग आहे.

सकाळी संचालकांनी बोलावलं. "वरच्या चित्रदालनात गेल्या आठवड्यात किती लोक आले?" खरं सांगायचं तर एक जोडपं आलं होतं, आणि एक गृहस्थ स्वच्छतागृह शोधत चुकून वर आले होते. ते मात्र बराच वेळ थांबले, कारण बाहेर ऊन होतं. संचालक म्हणाले, "महिनाभर बघू. नाहीतर ती सगळी मंडळी गोदामात आणि दालन फोटोंच्या प्रदर्शनाला."

ती मंडळी म्हणजे माझी अकरा माणसं. अठराव्या शतकातले अकरा विलायती पुरुष, मोठमोठ्या सोनेरी चौकटींत उभे. दालनाची प्रमुख म्हणून रोज मी त्यांना बघते, नवऱ्यापेक्षा जास्तच. त्यांना गोदामात टाकायचं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी बोलून गेले, "स्पर्धा घेऊ या. या अकरा जणांत सगळ्यात उत्तम पोशाख कुणाचा?"

संचालक हसले. मग हसायचे थांबले. "तारीख ठरवा," म्हणाले.

आता छातीत धडधडतंय. पण आनंदाने! किती वर्षांनी असं वाटतंय.

६ मार्च, बुधवार

परीक्षक तीन. एक मी. दुसरे बाजारातले सूटवाले, पन्नाशीचे, स्वतः इतके टापटीप की बसताना आधी विजारीची घडी सांभाळतात. विचारताक्षणी तयार झाले.

तिसरी ताई, माझी थोरली बहीण. दुसरं नाव सुचेना, आणि सुचलं असतं तरी ते तिच्याइतकं योग्य नसतं. ताईने सगळं आयुष्य नाटकांचे पोशाख शिवले. राजे, दरोडेखोर, वकील, सगळ्यांना तिने कपडे घातले. गेल्या वर्षी अचानक सोडलं. का, तर म्हणे कंटाळा आला. ताईला कंटाळा! मला पटलं नव्हतं, पण तिला विचारणार कोण.

तिला बोलवायची भीती वाटते ती एवढ्याचसाठी की ती माझ्या अंगावरच्या कपड्यांवरही निकाल देणार. माझ्या लग्नातही सगळे रडत होते आणि ही माझ्या ब्लाउजच्या खांद्याकडे बघून "कोणी कापलाय हा?" म्हणत होती.

७ मार्च, गुरुवार

ताईकडे जाऊन आले. सोबत हे होते. दार उघडून ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, जणू मी वर्गणी मागायला आले आहे. मी "अगं ताई" म्हटल्यावर "ये की, छोटे" म्हणाली. रुसली असणार. दोन महिन्यांत गेले नव्हते.

घरात सगळे दिवे चालू, भर दुपारी! पूर्वी मी एक दिवा चालू ठेवला तरी ओरडायची. चहा ओतताना थोडा कपाबाहेर सांडला. हे पटकन फडकं घेऊन पुढे झाले, तर म्हणाली, "जावईबापू, बसा हो. टेबलालाही तहान लागते." आम्ही हसलो.

स्पर्धेचं ऐकून आधी नाही म्हणाली. मग विचारलं, "चित्रं केवढी आहेत?" मी म्हटलं, "पुरुषभर उंच. कोटाचं बटण न् बटण दिसतं." ती थोडा वेळ बोटाने मांडीवर काहीतरी रेघोट्या ओढत बसली आणि म्हणाली, "येते. पण गुण तू लिहायचे. मी नुसती बोलणार."

तोरा बघा! पण येतेय. येतेय!

परत येताना हे म्हणाले, "ताईंचं काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, तिचं माझ्याशी कायमच बिनसलेलं असतं.

११ मार्च, सोमवार

पहिली फेरी झाली. असा दिवस रोज का येत नाही?

आम्ही चार बाबींना गुण द्यायचे ठरवलं: कापड, शिवण, नटवणूक, आणि चौथी बाब ताईची, 'वावर'. म्हणजे कपड्याने माणूस घातलाय की माणसाने कपडा.

सुरुवात गुलाबी साहेबांपासून. (माझ्या अकरांची नावं मीच ठेवली आहेत, खरी नावं लांबलचक आहेत.) गुलाबी रेशमी कोट, गुडघ्याखाली मोजे, मनगटावर लेसचा धबधबा. सूटवाले चित्रासमोर हात जोडूनच उभे राहिले. "पुरुषाने गुलाबी घालावा आणि वर असा रुबाब दाखवावा! माझ्याकडे गिऱ्हाईक निळा सोडून करड्यावरसुद्धा जायला घाबरतं हो." ताई म्हणाली, "वेस्टकोट पोटावर ताणलाय. शिवला तेव्हा बारीक होता, चित्र काढायला बसला तेव्हा जाड. बटणं बिचारी जीव मुठीत धरून आहेत." चित्राखालची पाटी वाचून मी सांगितलं की साहेबांचं मधल्या काळात लग्न झालं होतं. सूटवाले इतके हसले की पहारेकरी बघायला आला.

कुत्रेवाल्याच्या हिरव्या मखमलीला सगळ्यांनी भरभरून दिलं. भुवईरावांचे खांदे ताईने नापास केले.

पण बघायची तिची तऱ्हा मला कळेना. चित्रासमोर सरळ उभीच राहत नाही. मान एका बाजूला वळवते आणि कोपऱ्यातून बघते, जसं एखाद्या नको असलेल्या पाहुण्याकडे बघावं. आणि मला सारखं विचारते, "लेस कशी आहे? जाळीची की भरीव? सांग." समोर दिसतंय की! माझी परीक्षा घेते, लहानपणी पाढे घ्यायची तशी. मीही हट्टाने सगळं बारकाईने सांगितलं, टाक्यासकट. चुकणार नाहीच म्हटलं. तर म्हणाली, "छान सांगतेस गं तू." ताईने मला छान म्हटलं. नोंद करून ठेवावी अशीच गोष्ट.

शेवटी तपकिरी. त्याच्यापुढे येईपर्यंत आम्ही दमलो होतो. साधा तपकिरी कोट, अरुंद बाह्या, उभी कॉलर. काही नक्षी नाही. सूटवाले म्हणाले, "कापडाला मान, पण मजा नाही." आणि हा उभाही विचित्र राहतो, दोन्ही हात अंगापासून फाकलेले, काखेत दोन घागरी धरल्यासारखे. डोक्यावरचा केसांचा टोपही फारच जुन्या पद्धतीचा. मी म्हटलं, टोप आजोबांचा, कोट नातवाचा. सगळ्यात कमी गुण त्यालाच.

१३ मार्च, बुधवार

चहा न घेताच लिहायला बसले आहे.

आज संध्याकाळी ताईला पुन्हा एकदा दालनात फिरायचं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. मी फोनवर कुणाला तरी आमंत्रण देत होते. ताई तपकिरीच्या चौकटीपाशी, भिंतीला जवळजवळ गाल लावून उभी. मी ओरडणारच होते, इतक्या जवळ जायची परवानगी नाही. एवढ्यात ती म्हणाली, "छोटे, याच्या बाहीच्या आत दुसरी बाही आहे."

"काय?"

"ये इकडे. अशी बघ, कडेने. समोरून बघू नकोस."

मी तिच्या जागी उभी राहिले. तिरप्या उन्हात तपकिरी रंगाच्या पृष्ठभागावर उंचवटे दिसत होते. कोपराजवळ एक रुंद कमान, मोठ्या उलटवलेल्या कफची. तिच्यावर एका ओळीत गोल गोल फुगवटे. बटणं! चित्रात जिथे एकही बटण नाही तिथे.

मी जिन्याने धावत खाली गेले. (धावत! या गुडघ्यांनी!) कापूसबाईंना ओढून आणलं. कापूसबाई म्हणजे आमच्याकडे चित्रांची साफसफाई आणि डागडुजी करतात त्या. हातात सदा कापसाचा बोळा, म्हणून हे नाव. त्यांनी विजेरी आडवी धरली आणि बाहीवरून हळूहळू फिरवली. मग त्या आणि मी एकदमच बोलायला लागलो. मूळ चित्र जुनं. कोट प्रचंड घेराचा, कफ कोपरापर्यंत, तीसेक-चाळीस वर्षं आधीच्या फॅशनचा. नंतर कुणीतरी त्यावर नवा, अरुंद, कॉलरचा कोट रंगवून घेतला. चेहरा आणि टोप तेवढे राहिले. म्हणून टोप आजोबांचा! म्हणून हात फाकलेले. खाली कोटाचा घेर आहे तो सांभाळायला!

इतकी वर्षं मी त्याच्यासमोरून गेले. कापूसबाईंनी तर दोनदा त्याची धूळ झटकलीय. आम्ही सगळे समोरून बघत होतो.

ताई मात्र एका खुर्चीवर बसून डोळे चोळत होती. म्हणाली, "दमले बाई. घरी सोड."

१८ मार्च, सोमवार

एक्स-रेचं फिरतं यंत्र आलं, तपकिरीचा एक्स-रे काढला, आणि तो पडद्यावर उमटला तेव्हा संचालक "अरे देवा" म्हणाले. ते सहसा काही म्हणतच नाहीत. कोटाच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत भरतकाम: वेली, पानं, फुलं. शिसं असलेल्या रंगाने काढलेलं, म्हणून एक्स-रेमध्ये चमकत होतं. वेस्टकोट जवळजवळ गुडघ्यापर्यंत.

कापूसबाईंनी परवानगी घेऊन कोटाच्या खालच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा तपकिरी रंग काढला. आम्ही श्वास रोखून उभे. आणि खालून लाल आला.

"कसला लाल?" ताईने विचारलं. "विटकरी, की कुंकवासारखा, की डाळिंबी?"

"अगं, समोर तर आहे!"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"डाळिंबी. दाणा फोडल्यावर आत दिसतो तसा. आणि त्यावर एक सोनेरी ठिपका."

तिने डोळे मिटले आणि हसली. तिच्या या नाटकीपणाचा मला एरवी राग आला असता. आज कशाचाच राग येत नाहीये.

१९ मार्च, मंगळवार

वर्तमानपत्रांत आलं! सकाळी दालनात रांग होती. रांग, माझ्या दालनात! एक बाई मुलीला सांगत होत्या, "ते बघ, तपकिरी." म्हणजे मी ठेवलेलं नाव बाहेर पडलं. संचालक जिन्यात भेटले आणि दारात पायपुसणं बदलायला हवं म्हणाले. इतक्या माणसांचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

२१ मार्च, गुरुवार

भांडण झालं.

वरचा तपकिरी थर पूर्ण काढायचा का, यावर बैठक होती. कापूसबाई सावध होत्या, पण त्यांचेही हात शिवशिवत होते. सूटवाल्यांनी तर डाळिंबी कोटाला आधीच मनातल्या मनात पहिलं बक्षीस देऊन टाकलं होतं. मीही म्हटलं, काढू या.

ताई म्हणाली, "काढू नका."

मला वाटलं थट्टा करते. जिने शोधलं तीच! "का गं?"

"त्याने झाकलंय ते त्याच्या मर्जीने. त्याला वाटलं असेल, लोक म्हणतील हा मागे राहिला, याचं संपलं. घेतला एक साधा कोट वर रंगवून. चारचौघांत उभं राहता आलं त्याला. तुम्ही कोण त्याला उघडं पाडणार?"

"त्याने की त्याच्या पोरांनी, तेही माहीत नाही आपल्याला," मी म्हटलं.

"त्यानेच."

"तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे." आणि तिचा आवाज असा चढला की सूटवाले खिडकीबाहेर बघू लागले.

संचालकांनी शेवटी मधला मार्ग काढला: लाल दिसतो तेवढी नखाएवढी खिडकी उघडी ठेवायची, बाकी कोट तसाच, शेजारी एक्स-रे मोठा करून लावायचा. सगळ्यांना पटलं. मला ताई पटली नाही. आयुष्यभर लोकांना नटवणारी बाई, आणि झाकून ठेवा म्हणते. म्हातारी झाली का ही?

२९ मार्च, शुक्रवार

उद्या निकाल. सगळी गणितं मांडून झाली: आमचे गुण आणि दालनातल्या पेटीत लोकांनी टाकलेली मतं. निकाल माझ्याकडे पाकिटात आहे, ताईलाही सांगितलेला नाही. गुलाबी साहेब पहिले, थोडक्यात. तपकिरी दुसरे. जो कोट आम्ही सगळ्यात खाली टाकला होता तो लोकांच्या मतांवर इतका वर चढला! घोषणा ताई करणार, तिला स्टेजची सवय आहे. उद्याची साडी ठरलीय. खांदा मी स्वतः तपासलाय.

३० मार्च, शनिवार

कुठून सुरू करू?

दालन भरलं. लोक जिन्यावर उभे, खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसलेले. सूटवाल्यांनी चक्क गुलाबी कोट शिवून घातला होता आणि बायका त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होत्या. पोरं "तपकिरी! तपकिरी!" ओरडत होती. मला वाटलं माझं हृदय कानातून बाहेर येईल.

मी पाकीट उघडलं, कार्ड ताईच्या हातात दिलं. तिने ते समोर धरलं, लोकांकडे बघून हसली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आणि विजेते आहेत, आपले तपकिरी!"

छत उडायचं बाकी राहिलं. टाळ्या, शिट्ट्या. सूटवाले माझ्याकडे बघू लागले, कारण बेरजा त्यांनीही केल्या होत्या. मी ताईचा दंड धरला आणि तिला मागच्या खोलीत नेलं. दार लावलं.

"हे काय केलंस? तुला तो आवडतो म्हणून निकाल फिरवलास? सगळ्यांसमोर? माझी नोकरी आहे ही, ताई!"

"म्हणजे?" तिचा चेहरा पांढरा पडला. "तपकिरी नाही?"

"कार्डावर काय लिहिलं होतं?"

तिने ते माझ्या हातात परत दिलं.

"ताई, कार्डावर काय लिहिलं होतं?"

"मला काय माहीत," ती हळूच म्हणाली. "सगळे त्याच्याच नावाने ओरडत होते. मला वाटलं, तोच असणार."

मी कार्ड तिच्यापुढे धरलं. मोठी, जाड अक्षरं. तिने नेहमीसारखी मान वळवली, कोपऱ्यातून बघायचा प्रयत्न केला, मग डोळे मिटून घेतले.

"मधोमध डाग आहे, छोटे. जे बघायला जाते तेच पुसतं. कडेचं दिसतं तेवढं. तुझं तोंड बघायला गेले की तुझे कान दिसतात."

मी तिथल्या एका खोक्यावर बसले. चहा, दार, सगळे दिवे, मला पाढ्यांसारखं बोलायला लावणं. मी काय काय समजले होते! आणि ती लेसबद्दल विचारत होती कारण तिला खरोखर लेस बघायची होती.

"कधीपासून?"

"उजव्याला बरेच महिने. डावा आत्ता आत्ता. गेल्या नाटकात राजाच्या बाहीला चुकीचा दोरा लागला. कुणी बोललं नाही. म्हणून मीच उठले तिथून."

"डॉक्टर?"

"त्याने 'आता काही होणार नाही' म्हटलं तर? नाही विचारलं, तोवर आशा होती."

मी तिला मिठी मारली. आम्ही दोघी भरजरी साड्यांत खोक्यांवर बसून रडलो, बाहेर लोक नाचत होते. मी म्हटलं, राहू दे, तपकिरीच जिंकला म्हणून टाकू. कुणाचं काय बिघडतंय?

ती उठली. तोंड पुसलं. "गुलाबी साहेबाचं बिघडतंय. चल, मला माइकपर्यंत ने. पायरी सांग."

तिने माझा कोपर धरला. दालन शांत झालं. ती म्हणाली, "मंडळी, मी चुकले. मला कार्ड वाचता आलं नाही, कारण मला नीट दिसत नाही. हे आज पहिल्यांदा सांगते आहे, बहिणीलाही आत्ताच सांगितलं. विजेते गुलाबी साहेब आहेत. पोट सुटलंय, बटणं ताणली आहेत, तरी बघा कसे उभे आहेत. त्यांचा हक्क कुणी मारायचा नाही."

मग सूटवाले आपला गुलाबी कोट सावरत टाळ्या वाजवायला लागले, आणि मग सगळं दालन. मघापेक्षा जास्त. एक बाई रडत होत्या, ओळखीच्या नव्हत्या. संचालक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गोदामाचं विसरा. ही मंडळी कुठे जात नाहीत."

मी हो म्हटलं. खरं तर ते काय म्हणाले हे मला संध्याकाळी घरी आल्यावर उमगलं.

२ एप्रिल, मंगळवार

डोळ्यांच्या दवाखान्यात सगळी सकाळ. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. उजव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नाही. डावा मात्र वाचवता येईल. आत सूज आहे, इंजेक्शनं घ्यायची, वेळच्या वेळी. "अजून सहा महिन्यांनी आला असतात तर मी हे बोलू शकले नसते," त्या म्हणाल्या. ताईने मान खाली घातली. मी टेबलाखाली तिचा हात घट्ट धरला, तर म्हणाली, "नखं काप."

८ एप्रिल, सोमवार

आज पहिलं इंजेक्शन. डोळ्यात सुई म्हटल्यावर माझी आत जायची हिंमत झाली नाही. हे मला बाहेर पाणी पाजत बसले. ताई आत गेली ती अशी, जणू कुणाच्या बारशाला निघाली आहे.

बाहेर आली तर डोळ्यावर पट्टी, आणि उरलेलं तोंड उजळलेलं. मला वाटलं दुखत असेल. "बस ताई, बस."

"बसत नाही. ऐक आधी. छोटे, सुई टोचली ना, औषध आत शिरलं, तर डोळ्याच्या आत मला दिसलं! पुढे नाही, आत. काळंनिळं काहीतरी, धुरासारखं, वळसे घेत घेत पसरत गेलं. घोळच्या घोळ! चुण्या पडत होत्या, सुटत होत्या. मी नर्सला म्हटलं, अगं थांब, बघू दे. असं कापड मी जन्मात हातात घेतलेलं नाही!"

"कापड नव्हतं ते, औषध होतं," हे म्हणाले.

"जावईबापू, मला कापड कळतं." ती आता खुर्चीवर टेकली, दोन्ही हातांनी हवेत त्या चुण्या धरून दाखवू लागली. "मखमलीपेक्षा जड, पण रेशमासारखं सुटणारं. कड कुठे नाहीच. आणि पडतं कसं, तर अस्सं." समोरच्या बाकावरच्या आजी, ज्यांची पाळी पुढची होती, घाबरून कोपऱ्यात सरकल्या होत्या. त्यांनी आता मान पुढे काढली. "मलाही दिसेल का हो?" त्यांनी विचारलं.

"दिसेल," ताई म्हणाली. "घाबरून डोळा गच्च मिटू नका. नीट बघा आणि बाहेर येऊन मला रंग सांगा. मी इथेच थांबते."

आणि खरंच थांबली. मलाही थांबवून घेतलं.